वकील त्यांचा, फी आपली



महिन्याच्या महिन्याला लाईट बिल घरात येते. आपण त्या कागदावरच्या दोनच गोष्टी वाचतो. किती भरायचे आणि कधीपर्यंत भरायचे. घरात दहावी-बारावीला शिकणारे पोर असेल तर ते युनिट मोजून बघते, मागच्या महिन्यापेक्षा जास्त कसे आले म्हणून आईशी हुज्जत घालते, आणि शेवटी दोष येतो तो रात्रभर चालणाऱ्या पंख्यावर. बिलाच्या मधल्या भागात स्थिर आकार, वहन आकार, वीज आकार, वीज शुल्क अशा ओळी असतात. त्या ओळींत कोळसा आहे, तार आहे, खांब आहे, कामगारांचा पगार आहे, कर्जाचे व्याज आहे. आणि एक खर्च असा आहे की ज्याची वेगळी ओळ छापलेली कधीच दिसत नाही. तो म्हणजे वकिलांची फी.

वकील कशाला, असे कोणी विचारील. चोरी नाही, मारामारी नाही, जागेचा तंटा नाही. विजेच्या दरात वकिलाचे काय काम? इथेच आजचा विषय सुरू होतो.

विजेचा दर आज सरकार ठरवत नाही आणि कंपनीही आपल्या मर्जीने ठरवू शकत नाही. तो ठरवते महाराष्ट्र वीज नियामक आयोग. हा आयोग १९९९ साली स्थापन झाला आणि २००३ च्या वीज कायद्याने त्याला मोठे अधिकार मिळाले. त्याची कचेरी कफ परेडच्या वर्ल्ड ट्रेड सेंटरमध्ये. वीज कंपनीने आयोगापुढे अर्ज करायचा, आपला वर्षाचा जमाखर्च मांडायचा, इतका खर्च आहे म्हणून इतका दर द्या असे मागायचे. आयोगाने तो अर्ज जाहीर करायचा, लोकांच्या सूचना-हरकती ऐकायच्या आणि मग निकाल द्यायचा. निकाल पटला नाही तर दिल्लीला विजेचे अपिलीय न्यायाधिकरण आहे, त्याच्यावर सर्वोच्च न्यायालय आहे. म्हणजे नावाला आयोग, पण बाज सगळा कोर्टाचा. कोर्टाचा बाज आला की मागोमाग काळे कोट येतात.

कंपनी ज्या खर्चाचा हिशेब आयोगापुढे ठेवते त्यात ‘प्रशासकीय व सर्वसाधारण खर्च’ असे एक सदर असते. कचेरीचे भाडे, टपाल, छपाई, प्रवास आणि वकील-सल्लागारांची फी या सदरात बसते. आयोग तो खर्च तपासतो, त्याला मर्यादा घालतो, मागितलेले सगळेच देतो असे नाही. पण जो मंजूर होतो तो दरात जातो, आणि दर आपल्या बिलात येतो. बीकॉमच्या पहिल्या वर्षाला शिकवतात की नावे पडलेली रक्कम कुठे तरी जमा दाखवावी लागते. वकिलाच्या नावे पडलेली रक्कम शेवटी ज्या खिशातून जमा होते, तो खिसा चाळीतल्या आणि वस्तीतल्या बिलधारकाचा आहे. दर वाढवून मागणारा वकील आपणच पोसतो.

खासगी कंपनीने वकील नेमला तर आपण फार काही म्हणू शकत नाही. तो तिचा धंदा आहे. पण आपली महानगरपालिकाही या कज्जेदलालीत आहे. कशी, तर बेस्टमुळे. ७ ऑगस्ट १९४७ रोजी, स्वातंत्र्याच्या आठ दिवस आधी, पालिकेने बेस्ट कंपनी ताब्यात घेतली. तेव्हापासून बस आणि वीज हे दोन्ही धंदे पालिकेच्या उपक्रमाकडे आहेत. बस मुलुंड-बोरिवलीपर्यंत धावते, वीज मात्र कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंतच. उपनगरातल्या माणसाने ही गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे, कारण पुढचा सगळा गुंता यातूनच निघतो.

बेस्टच्या हद्दीतल्या एका ग्राहकाने टाटा पॉवरकडे वीज मागितली. टाटांकडे मुंबई शहराचाही परवाना होता. बेस्टचे म्हणणे, आम्ही स्थानिक प्राधिकरण आहोत, म्हणजे लोकांनी निवडून दिलेल्या पालिकेचा भाग आहोत, कायद्यात आम्हाला सवलत आहे, आमच्या हद्दीत दुसऱ्याने ग्राहक ओढायचे नाहीत. प्रकरण आयोगापुढे गेले. २०१० साली आयोगाने टाटांना वीज देण्यास सांगितले. बेस्ट अपिलात गेली, २०१२ साली न्यायाधिकरणाने आयोगाचा आदेश कायम केला. बेस्ट सर्वोच्च न्यायालयात गेली. मे २०१४ मध्ये तिथेही अपील फेटाळले गेले. स्थानिक प्राधिकरणाला असलेली सवलत ही त्याच्या तारा दुसऱ्याला वापरू न देण्यापुरती आहे, दुसऱ्या परवानाधारकाने स्वतःच्या तारा टाकून ग्राहकाला वीज दिली तर त्याला अडवता येत नाही, असा त्या निकालाचा मथितार्थ. तीन पायऱ्या चढल्या, तिन्ही ठिकाणी हार. प्रत्येक पायरीवर वकील, आणि पायरी जितकी वरची तितका वकील महाग.

आता घाईने बेस्टला शिव्या देऊ नका. बेस्टच्या लढ्यात आपल्या माणसाच्या हिताची एक बाब होती. विजेच्या दरात मोठा ग्राहक थोडे जास्त देतो आणि त्यातून कमी वीज वापरणाऱ्याचा दर खाली राहतो. याला क्रॉस सबसिडी म्हणतात. नरीमन पॉईंटची कचेरी, पंचतारांकित हॉटेल, मॉल हे उद्या दुसऱ्या कंपनीकडे गेले, तर मागे राहतो नायगाव, वरळी, परळच्या चाळीतला दोन खोल्यांचा ग्राहक. मग त्याचा भार उचलायचा कोणी? हा प्रश्न खरा होता. पण निकालाचा भर कशावर होता? ‘स्थानिक प्राधिकरण’ या शब्दाचा अर्थ काय, अमुक कलमाचा तमुक कलमाशी संबंध काय, तार कोणाची. दोन खोल्यांच्या ग्राहकाचे बिल हा त्या खटल्याचा मुद्दाच नव्हता. बाहेरून आणलेला वकील कायदा उत्तम मांडतो, पण त्याचा पक्षकार बेस्ट असते, बिलधारक नव्हे. पालिका आपली म्हणून पालिकेचा वकीलही आपला, असा हिशेब मांडून चालत नाही.

बेस्टचीच आणखी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. २००३ च्या कायद्याच्या कलम ५१ मध्ये, कायद्यापूर्वीपासून वीज वाटणाऱ्या स्थानिक प्राधिकरणाला एक अपवाद दिलेला आहे. त्याचा आधार घेऊन काही वर्षे बसच्या तोट्याचा भार शहरातल्या वीज ग्राहकावर टाकला गेला. म्हणजे बोरिवलीत बस रिकामी धावली तर तिचे पैसे लालबागच्या मीटरवर चढले! उपनगरातल्या आपण बसमध्ये बसलो आणि गिरणगावातल्या आपल्याच भाऊबंदांनी तिकीट काढले. हा न्याय की अन्याय, यावर वाचकांत दोन मते होतील. गरिबाची बस चालली पाहिजे हे खरे, पण तो खर्च पालिकेच्या तिजोरीतून यावा, लाईट बिलातून नव्हे, असे माझे मत आहे.

आता फीचे बोलू. पालिकेचे स्वतःचे विधी खाते आहे. पगारी कायदा अधिकारी आहेत, पॅनेलवर वकील आहेत. १८८८ च्या मुंबई महानगरपालिका कायद्यातील कलम ५१७ ने आयुक्तांना दावे चालवण्याचा आणि कायदेशीर सल्ला घेण्याचा अधिकार दिला आहे. तरीही प्रकरण मोठे झाले की बाहेरून ज्येष्ठ वकील आणले जातात. किती मोलाने? सप्टेंबर २०२० मध्ये एका सिनेनटीच्या पाली हिलच्या बंगल्यावर पालिकेने हातोडा चालवला, प्रकरण उच्च न्यायालयात गेले. त्या एका प्रकरणात पालिकेने वकिलासाठी मोजलेली रक्कम माहितीच्या अधिकारातून बाहेर आली आणि वृत्तपत्रांत छापून आली. ८२ लाख ५० हजार रुपये! आणि २७ नोव्हेंबर २०२० रोजी निकाल लागला तो पालिकेच्या विरोधात. ते प्रकरण विजेचे नव्हते, पण बाहेरच्या वकिलाचा भाव काय चालतो हे कळायला पुरेसे आहे. साधे झोपडे तोडताना पालिकेला वकील लागत नाही, हेही या निमित्ताने आठवावे.

असे खर्च पूर्वी नगरसेवकांच्या नजरेखालून जाण्याची सोय होती. स्थायी समिती, बेस्ट समिती यांत कोणी तरी उठून विचारू शकत होता की बाबांनो, हा वकील कशाला, घरचे वकील काय करतात? सगळेच विचारत होते असे नाही, पण विचारायला जागा होती. मार्च २०२२ मध्ये नगरसेवकांची मुदत संपली आणि त्यानंतर कित्येक वर्षे पालिका प्रशासकाच्या हाती राहिली. प्रस्ताव मांडणारा तोच, मंजूर करणारा तोच. असल्या काळात कोणाला किती फी दिली याचे कागद बघायचे तर नागरिकानेच अर्ज करायला हवा.

आता आपल्या उपनगरांकडे या. अंधेरी, बोरिवली, घाटकोपर या भागांत विजेचे काम मूळचे बीएसईएसचे. ही कंपनी १९२९ सालची. ती पुढे रिलायन्सकडे गेली आणि ऑगस्ट २०१८ मध्ये अदानींकडे. मुलुंड-भांडुपला महावितरण. टाटाही आहेत. म्हणजे घाटकोपरची बहीण आणि मुलुंडचा भाऊ, मध्ये चार-पाच स्टेशनांचे अंतर, पण दर वेगळा, कंपनी वेगळी, तक्रारीची खिडकीही वेगळी.

उपनगरात टाटांनी थेट घरगुती ग्राहकाला वीज द्यावी की नाही, यावर टाटा आणि रिलायन्स अशीच पायऱ्यांवर पायऱ्या चढले. ८ जुलै २००८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने टाटांच्या बाजूने निकाल दिला. ऑक्टोबर २००९ मध्ये आयोगाने वाट मोकळी केली, रिलायन्सच्याच तारेवरून टाटांची वीज घेता येऊ लागली. मग तक्रार आली की मोठे मोठे ग्राहक तेवढे उचलले जात आहेत, लहान ग्राहक मागे राहत आहेत. ऑगस्ट २०१२ मध्ये आयोगाने टाटांवर बंधन घातले की महिन्याला ३०० युनिटपर्यंत वीज वापरणाऱ्या घरगुती ग्राहकांनाच अशा रीतीने बदलून घ्यायचे. पण नोव्हेंबर २०१४ मध्ये अपिलीय न्यायाधिकरणापुढे ते बंधन टिकले नाही. ३०० युनिटच्या आतले ग्राहक म्हणजे कोण? बहुतेक आपणच की! आपल्या नावाने निकाल झाला आणि आपल्या नावाने तो गेलाही. वस्तीत कोणाला त्याचा पत्ता लागला?

मुलुंडकरांनी तर अधिक जागे राहावे. २०२२ च्या अखेरीस अदानींच्या कंपनीने मुलुंड, भांडुप, ठाणे, नवी मुंबई या महावितरणच्या भागांत समांतर परवाना मागितला. त्याविरुद्ध ४ जानेवारी २०२३ रोजी राज्याच्या वीज कंपन्यांतील कामगारांनी संप केला आणि सरकारशी बोलणी होऊन त्याच दिवशी तो मागे घेतला. कामगार रस्त्यावर उतरले म्हणून ते प्रकरण लोकांना कळले, नाही तर वर्तमानपत्रातल्या बारीक टायपाच्या नोटिशीत ते विरून गेले असते. मोठा ग्राहक बाहेर पडला की लहानाचे काय होणार, हा शहरातला प्रश्न उद्या मुलुंडच्या दारात उभा राहू शकतो.

हे प्रश्न काही नवे नाहीत. डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाईसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री होते तेव्हा वीज हे खाते त्यांच्याकडेच होते. २५ ऑक्टोबर १९४३ रोजी विजेच्या धोरण समितीपुढे बोलताना त्यांनी जे प्रश्न ठेवले त्यांत एक असा होता की, विजेची मालकी खासगी असावी की सरकारी. आणि खासगी असेल तर जनहिताच्या रक्षणासाठी काही अटी घालणे जरूर आहे का? वीज स्वस्त आणि मुबलक असल्याशिवाय देशाचे दारिद्र्य हटणार नाही, हा त्यांच्या मांडणीचा गाभा होता. आपण बाबासाहेबांना घटनाकार म्हणून ओळखतो, विजेच्या बाबतीतले त्यांचे हे काम आपल्या व्याख्यानमालांतून क्वचितच सांगितले जाते. कफ परेडच्या आयोगापुढे आज जो वाद चालतो तो त्या दुसऱ्या प्रश्नाचाच आहे.

मग पालिकेने वकील नेमूच नये का? मी तसे म्हणत नाही. समोर टाटा-अदानींचे दिग्गज वकील उभे असताना आमच्यासारखा कारकून फाईल घेऊन पाठवला तर काय होईल ते सांगायला नको. प्रश्न आहे तो वकील कोणाची बाजू मांडतो याचा. अमेरिकेतल्या टेक्सस राज्यात अशी सोय आहे की वीज कंपनीने दरवाढ मागितली की तिथल्या नगरपालिका आपल्या रहिवाशांच्या वतीने त्या प्रकरणात उतरतात. बाहेरचे वकील, हिशेबतपासनीस, इंजिनियर नेमतात आणि त्यांचा वाजवी खर्च कंपनीने नगरपालिकेला भरून द्यायचा असतो. तो खर्चही शेवटी ग्राहकाच्याच अंगावर येतो, फुकट काही नाही. पण तो वकील दर कमी करा म्हणून भांडतो.

आपल्या पालिकेला असे का करता येऊ नये? उपनगरात पालिका स्वतः विजेची मोठी ग्राहक आहे. रस्त्यावरचे दिवे, शाळा, कूपर आणि राजावाडीसारखी रुग्णालये, पाण्याचे पंप या सगळ्याचे बिल ती भरते. दर वाढला की तिचेही बिल वाढते, म्हणजे आपला कर वाढतो. अदानी, टाटा किंवा महावितरणचा दरवाढीचा अर्ज आला की पालिकेच्या विधी खात्याने उपनगराच्या वतीने आयोगापुढे उभे राहावे, कमी युनिटवाल्याचा दर का वाढू नये ते आकड्यांनिशी मांडावे. बेस्टसाठी दिल्लीपर्यंत जाता येते, तर अंधेरी-मुलुंडसाठी कफ परेडपर्यंत जायला काय हरकत आहे? आपल्या विभागाच्या नगरसेवकाकडे ही मागणी लेखी न्या. गटार आणि नळाखेरीज काही मागायचे असते हे त्यालाही कळू द्या.

तोपर्यंत आपल्या हातात काय आहे तेही सांगतो.

आयोगापुढे बोलायला वकील लागत नाही. कायद्याच्या कलम ६४ प्रमाणे दराचा अर्ज जाहीर करावा लागतो आणि लोकांच्या सूचना-हरकती विचारात घ्याव्या लागतात. नोटीस मराठी वर्तमानपत्रातही येते. हरकत मराठीत लिहिता येते, तिला फी नाही. कलम ९४ प्रमाणे आयोग ग्राहकांची बाजू मांडण्यासाठी प्रतिनिधी मान्य करू शकतो आणि मुंबई ग्राहक पंचायत, पुण्याची प्रयास यांसारख्या संस्थांनी हे काम केलेले आहे. त्यांनी मांडलेले मुद्दे वाचले तर एका वस्तीच्या मंडळाला आपली हरकत कशी लिहावी याचा चांगला धडा मिळतो. आपल्या विहारांत, समाजमंदिरांत दर रविवारी माणसे जमतात. नोटीस आली की ती तिथे मोठ्याने वाचावी, पन्नास बिलांच्या झेरॉक्स जोडाव्यात आणि अर्ज धाडावा.

आणि बिल चुकले, मीटर पळतो, जोडणी देत नाहीत अशी घरगुती तक्रार असेल तर आणखी एक गंमत ऐका. वीज कंपनीच्या ग्राहक तक्रार निवारण मंचापुढे वकिलाला उभे राहताच येत नाही! आयोगाच्या २००६ च्या नियमावलीत तसे होते आणि २०२० च्या नव्या नियमावलीतही तेच ठेवले आहे. तुम्ही स्वतः जा नाही तर शिकलेल्या मुलाला, मुलीला लेखी अधिकार देऊन पाठवा. कंपनीलाही तिथे वकील आणता येत नाही, तिचा कर्मचारीच येतो. समोरासमोर बिलाचा कागद ठेवून बोलायचे. आपल्या घराघरांत आता पदवीधर मुली आहेत. त्यांना असल्या कामाला लावा, त्यांची भीड चेपेल आणि शेजाऱ्याचे कामही होईल.

राहिला प्रश्न पालिकेने आणि बेस्टने वकिलांवर किती खर्च केला याचा. तो माहितीच्या अधिकारात विचारता येतो. साधा कागद, त्यावर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. महाराष्ट्राच्या नियमाप्रमाणे एका अर्जात एकच विषय आणि मजकूर १५० शब्दांच्या आत असावा, म्हणून रामायण लिहू नका. बेस्टच्या जन माहिती अधिकाऱ्याला एवढेच विचारा की, मागील पाच आर्थिक वर्षांत वीज नियामक आयोग, अपिलीय न्यायाधिकरण आणि सर्वोच्च न्यायालय यांच्यापुढील वीजविषयक प्रकरणांत बाहेरील वकिलांना प्रकरणनिहाय किती फी दिली, त्या प्रकरणांचे निकाल काय लागले, आणि त्यातील किती रक्कम दरनिश्चितीच्या अर्जात खर्च म्हणून दाखवली. पालिकेच्या विधी खात्याला वेगळा अर्ज करून उपनगरातील वीजदराच्या प्रकरणांत पालिकेने आयोगापुढे हरकत नोंदवली आहे काय, असल्यास तिची प्रत मागा. तीस दिवसांत उत्तर यायला हवे, न आल्यास पुढच्या तीस दिवसांत पहिले अपील करायचे. अर्जाची पोच घ्या आणि ती लाईट बिलांच्या फाईलला लावून ठेवा.